गळका सेंटर डिफ आणि त्यावर उभा राहिलेला सेटअप

"पहिली टाकी संपेपर्यंत गाडी भन्नाट असते रे, दुसऱ्या टाकीला तिच्यात जीवच राहत नाही." तक्रार एवढीच होती. बग्गी रिमोटवर चालणारी, १/८ स्केलची (खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश), ३.५ सीसी नायट्रो इंजिनाची, चारही चाकांना ड्राइव्ह असलेली. मालक बँकेत अधिकारी. आमच्या गटात लहानमोठे सगळे त्यांना दादाच म्हणतात. गाडी सेकंडहँड घेतलेली, पण पोटच्या पोरासारखी जपलेली. ट्रॅक पुण्याबाहेरचा, मुरुमाचा. सकाळी पाणी मारलं की थोडा वेळ पकड छान मिळते, ऊन चढलं की वर भुकटी सुटते आणि मग खरी परीक्षा.

दादांचं निदान क्लचवर थांबलं होतं. ते चुकीचं निघालं, पण खुळं नव्हतं. हेअरपिनमधून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की इंजिनाचा आवाज सरकन चढायचा आणि गाडी मात्र त्या हिशेबात उचलायची नाही. आवाज चढतो पण गाडी पळत नाही म्हटलं की कुणाच्याही डोक्यात आधी क्लचच येतो. त्यांनी क्लचचे शूज बदलले, कडक स्प्रिंगा टाकल्या, बेलच्या (शूज ज्या वाटीला आतून पकडतात तिच्या) बेअरिंगा नव्या घातल्या. मग संशय इंजिनाकडे सरकला: इंधनाचं प्रमाण ठरवणारी नीडल जरा लीन (कमी इंधन), जरा रिच (जास्त इंधन), नवा ग्लो प्लग. फरक शून्य.

जाता जाता ते आणखी एक बोलले. "ब्रेकही हल्ली लागत नाहीत नीट. पॅड बदलले, रिमोटवरून ब्रेकचा थ्रो (पल्ला) वाढवला, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. शिवाय जोरात ब्रेक मारला की मागून फिरते, म्हणून मागचा ब्रेक ढिला केलाय."

मला हे जास्त महत्त्वाचं वाटलं. क्लच घसरला म्हणून ब्रेक कशाला जातील? इंजिन लीन झालं म्हणून मागून का फिरेल? दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून येत असतील तर ती जागा शोधायची, आणि नायट्रो बग्गीत अशी जागा एकच आहे. चॅसीच्या मध्यावर सेंटर डिफ बसतो. डिफ म्हणजे डिफरन्शिअल, दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी. त्याच्या अंगावर स्पर गिअर (मोठं दातेरी चाक) असतो, इंजिनाचा जोर तिथून आत येतो. डिफच्या पुढून एक आउटड्राइव्ह (बाहेर येणारा दांडा) पुढच्या चाकांकडे जातो, मागून दुसरा मागच्या चाकांकडे. आणि ब्रेकच्या दोन्ही डिस्क याच दोन आउटड्राइव्हवर बसलेल्या असतात. म्हणजे डिफच्या शाफ्टपाशी तेल गळलं तर ते थेट डिस्कवर उडणार.

न उघडता काय कळलं

डिफ उघडायची घाई केली नाही. एकदा उघडला की तो कसा गळत होता याचे पुरावे पुसले जातात.

टायर बघितले. मुरुमावर चार चाकी ड्राइव्हच्या बग्गीचे मागचे टायर आधी झिजतात, हा नेहमीचा अनुभव. इथे उलटं होतं: पुढच्या टायरांचे पिन (रबरी टोकं) बोथट झालेले, मागचे अजून टोकदार. मग हेअरपिनच्या तोंडाशी उभं राहून फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घेतला. पहिल्या टाकीत थ्रॉटल दिला की चारही चाकं एकदम माती उडवत होती. शर्यतीच्या उत्तरार्धात त्याच जागी पुढचे दोन्ही टायर मधोमध फुगून उभे राहताना दिसले, मागचे निवांत. क्लच घसरत असता तर चारही चाकांचा जोर सारखाच गेला असता आणि बेल तापून निळसर पडली असती. बेल लख्ख होती. इंजिनाचा जोर वाया जात नव्हता, तो पुढच्या हलक्या झालेल्या चाकांकडे पळून जात होता. गाडी उचलताना वजन मागे जातं, पुढची चाकं मोकळी होतात, आणि सेंटर डिफमध्ये विरोध उरला नसेल तर सगळा फिरकीपणा त्यांच्याच वाट्याला येतो. चालवणाऱ्याला कानावर येतो तो फक्त चढलेला आवाज.

हातानं करायची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद, स्पर गिअर एका हातानं घट्ट धरायचा आणि पुढे जाणारा शाफ्ट दुसऱ्या हाताच्या बोटांनी फिरवायचा. मागची चाकं उलट दिशेनं फिरतात. बोटांना जो जडपणा लागतो तो सेंटर डिफच्या तेलाचा. गाडी थंड असताना बऱ्यापैकी जड लागलं. फायनल संपून गाडी पिटमध्ये आली तेव्हा तोच शाफ्ट जवळजवळ मोकळा फिरला. तेल तापलं की पातळ होणारच, म्हणून एवढ्यावर निकाल दिला नाही. त्याच मॉडेलची, त्याच ७००० च्या तेलाची (हा तेलाच्या दाटपणाचा आकडा) दुसऱ्याची गाडी नुकतीच ट्रॅकवरून आली होती, तिचा शाफ्ट फिरवून पाहिला. तीही मऊ पडली होती, पण दादांच्या गाडीइतकी नक्कीच नाही. इंजिनाचं तापमान मोजायची इन्फ्रारेड गन होतीच. दादांच्या सेंटर डिफचा कप सत्तर अंशांच्या वर, मागचा डिफ पन्नासच्या आत.

आता डिस्कवरचं तेल. नायट्रो गाडीत ही खरी पंचाईत असते, कारण एक्झॉस्टमधून येणारं इंधनातलं तेल सगळ्या चॅसीवर पसरलेलं असतं. सगळंच तेलकट, मग डिफचं कुठलं आणि सायलेन्सरचं कुठलं? कित्येक गाड्यांचे डिफ महिनोन्‌महिने गळतात आणि कुणाला पत्ता नसतो तो यामुळेच. ओळखायची एक युक्ती आहे. नायट्रोचं इंधन मिथेनॉलवर आधारलेलं असतं आणि त्यातलं वंगण अल्कोहोलमध्ये विरघळणारं असावं लागतं. डिफमधलं तेल सिलिकॉनचं. घट्ट सिलिकॉन तेल अल्कोहोलला दाद देत नाही. डिस्कवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला. काळपट चिकटा बोळ्यावर आला, पत्रा चमकला, पण बोट फिरवलं तर डिस्क अजून बुळबुळीत. पुन्हा पुसली, तरीही तशीच. मग पेट्रोलचा बोळा फिरवला तेव्हा कुठे बोटाला धातूचा कोरडेपणा लागला. (पेट्रोल वापरायचं ते गाडी पूर्ण थंड झाल्यावर, मोकळ्या हवेत.) म्हणजे डिस्कवर सिलिकॉन होतं. तेही पुढच्या डिस्कवर भरपूर, मागच्या डिस्कवर किंचित.

मागून फिरण्याचं कोडं इथेच सुटलं. पुढचा ब्रेक तेलानं निकामी, मागचा चालू. जोरात ब्रेक मारला की सगळा ब्रेक मागच्या चाकांवर, आणि मग गाडी फिरणारच. दादांनी मागचा ढिला केला तेव्हा फिरणं थांबलं, पण दोन्हीकडचे ब्रेक गेले.

इथलं तेल वंगण नाही

टेम्पोच्या किंवा जीपच्या डिफमध्ये तेल असतं ते दातांची झीज होऊ नये म्हणून. बग्गीच्या डिफमध्ये ते वंगणाचं काम करतंच, पण त्याची खरी नोकरी वेगळी आहे. बंद कपात दोन सन गिअर समोरासमोर, त्यांच्या मध्ये क्रॉस पिनांवर चार छोटे प्लॅनेट गिअर, आणि उरलेल्या जागेत घट्ट सिलिकॉन तेल. दोन्ही आउटड्राइव्ह एकाच वेगानं फिरतात तेव्हा आतले गिअर एकमेकांच्या संदर्भात स्थिर असतात, तेल काहीच करत नाही. एक आउटड्राइव्ह दुसऱ्याच्या पुढे पळायला लागला की प्लॅनेट फिरतात, दातांमधून तेल पिळलं जातं आणि ते पळण्याला विरोध करतं. फरक जितका जास्त, विरोध तितका जास्त.

हा विरोध किती असावा ते बाटलीवरचा आकडा ठरवतो. आकडा सेंटीस्टोक्सचा. पाणी साधारण १ सेंटीस्टोक्स, म्हणजे ७००० चं तेल पाण्याच्या सात हजार पट दाट, थंडीतल्या मधासारखं. १/८ बग्गीत पुढे ५०००, मध्ये ७०००, मागे ३००० ही सुरुवात करायची जोडणी बहुतेकांना तोंडपाठ असते, तिला पाच-सात-तीन म्हणतात. मध्ये दाट तेल घातलं की जोर मागे टिकतो आणि गाडी उसळून निघते; पातळ घातलं की जोर पुढे सरकतो, गाडी खड्ड्यांत शांत राहते पण उचल कमी होते. पुढे पातळ घातलं की थ्रॉटल सोडून वळताना गाडी छान आत शिरते, दाट घातलं की थ्रॉटल देऊन बाहेर पडताना ओढ मिळते. मागच्या डिफमध्ये दाट तेल सरळ रेषेतली पकड देतं आणि वळणातली काढून घेतं. मुरुमावर ते चटकन जाणवतं.

गटात या तीन आकड्यांवर तासन्‌तास वाद होतात. पण हे आकडे २५ अंश तापमानाचे असतात. सिलिकॉन तेलाची ख्याती अशी की ते तापमानानं फार बदलत नाही, आणि खनिज तेलाच्या तुलनेत ते खरंही आहे. तरीसुद्धा ३८ पासून ९९ अंशांपर्यंत जाताना त्याचा दाटपणा साधारण साठ टक्क्यांनी उतरतो. ७००० ची बाटली ओतलेला डिफ खूप तापला की ३००० च्या डिफसारखा वागायला लागतो. त्यात आत तेल कमी असेल तर तेवढीच घुसळण थोड्या तेलाला सोसावी लागते. ते लवकर तापतं, हवेत मिसळून फेसाळतं, आणि पातळ होण्याचं चक्र आणखी वेगात फिरतं. दादांची पहिली टाकी चांगली जायची आणि दुसरी नाही, त्याचं कारण हेच. टाकी १२५ सीसीची, साधारण आठ-दहा मिनिटांत संपणारी. तेवढ्यात डिफ तापून तयार.

उघडल्यावर

काढलेला डिफ आधी पेट्रोलनं बाहेरून स्वच्छ केला, वाळवला आणि दागिन्यांच्या छोट्या डिजिटल काट्यावर ठेवला. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हल्ली स्वस्तात मिळतो. एवढं स्वस्त आणि एवढं उपयोगी दुसरं हत्यार या छंदात मला माहीत नाही. नंतर डिफ रिकामा करून, धुऊन, पुन्हा वजन. या दोन आकड्यांच्या फरकावरून आत किती तेल उरलं होतं ते कळलं. पुढे योग्य पातळीपर्यंत तेल भरून पुन्हा तोललं, तेव्हा हिशेब लागला: जेवढं हवं त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास उरलं होतं. दादा म्हणाले, मी तर काठोकाठ भरलं होतं. म्हणजे गळती त्याहून मोठी.

स्पर गिअर आणि कप यांच्यामधलं गॅस्केट शाबूत होतं. तसा अंदाजही होता. इंजिन ३०,००० आरपीएमवर असेल आणि क्लच बेल १३ दात्यांची, स्पर ४६ चा असेल, तर डिफचा कप साडेआठ हजारांच्या आसपास फिरत असतो. एवढ्या वेगात तेल बाहेरच्या भिंतीला चिकटून बसतं, तिथला जोर गुरुत्वाकर्षणाच्या शेकडो पट. गॅस्केट फाटलं असतं तर धावताना तेल चहूकडे उडालं असतं आणि वरच्या प्लेटच्या आतल्या बाजूला त्याचा पट्टा उमटला असता. तसा पट्टा नव्हता. शाफ्टपाशी गळणारा डिफ बहुतांशी दोन प्रसंगी गळतो: आत जास्त तेल कोंबलेलं असेल आणि ते तापून फुगलं तर, किंवा गरम गाडी स्टँडवर उभी असते आणि पातळ झालेलं तेल ओघळून शाफ्टवर येतं तेव्हा. टेबलावर रात्रभर थंड पडलेला डिफ कोरडाच दिसतो, आणि माणूस म्हणतो, माझा गळत नाही.

पुढच्या बाजूचा आउटड्राइव्ह बाहेर काढला. त्याच्या दांड्यावर सन गिअरची पिन बसण्यासाठी आडवं भोक असतं. भोकाच्या कडेवर नख फिरवलं तर नख अडकलं. कारखान्यातून राहिलेली बारीक बर, म्हणजे धातूची धारदार कड. ओ-रिंग (दांड्याभोवती तेल अडवणारं रबरी कडं) काढून भिंगाखाली धरली: आतल्या अंगाला एकाच ठिकाणी अर्धचंद्राकृती चीर. दांडा कोरडाच आत ढकलला, भोक रिंगेखालून गेलं आणि जाता जाता रबर कातरून गेलं. मागच्या बाजूची रिंग सुदैवानं कातरली नव्हती, तरी तिथूनही थोडं पाझरत होतं. ते का, हे व्हर्निअर लावल्यावर कळलं.

रिंगेची जाडी १.७८ मिमी निघाली. गाडीसोबत आलेल्या सुट्या भागांच्या पुडीत एक मूळ रिंग शिल्लक होती, ती भरली १.९. दादांनी मधे एकदा डिफ खोलला होता आणि रिंगा पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून आणल्या होत्या. "सहाची ओ-रिंग द्या म्हटलं, त्यानं दिली." दुकानदाराचा यात दोष काही नाही. सहाच्या दांड्याला बसणाऱ्या दोन अगदी जवळच्या रिंगा बाजारात असतात. जपानी मापातली पी-६, आतला व्यास ५.८ आणि जाडी १.९ मिमी, आणि अमेरिकन मापातली ०१०, आतला व्यास ६.०७ आणि जाडी १.७८. हातात घेतल्या तर जुळ्या बहिणी. पण या डिफमध्ये दांडा आणि खाच यांच्यातली फट १.६ मिमी भरली. १.९ ची रिंग तिथे सोळा टक्के दाबली जाते, १.७८ ची जेमतेम दहा. शिवाय ५.८ ची रिंग सहाच्या दांड्याला किंचित ताणून घट्ट मिठी मारते, ६.०७ ची नुसती गळ्यात पडून असते. थंड, दाट तेलाला दहा टक्के दाब पुरतो. सत्तर अंशांवरच्या पातळ तेलाला, तेही फुगून दाबाखाली आलेलं असताना, पुरत नाही.

काठोकाठ भरण्याचंही तेच. सिलिकॉन तेल दर अंशाला साधारण ०.०००९५ पटीनं प्रसरण पावतं. २५ वरून ७५ अंशांवर गेलं की आकारमान पावणेपाच टक्क्यांनी वाढतं. बंद कपात तेवढी हवा ठेवली नसेल तर ते तेल सर्वांत कमकुवत जागेतून बाहेर पडणार, आणि ती जागा म्हणजे ओ-रिंग.

"मग लाल सिलिकॉनची रिंग टाकूया का? ती उष्णतेला चांगली असते म्हणतात," दादांनी विचारलं.

"नको दादा. सिलिकॉनचं रबर सिलिकॉन तेलातच फुगतं. काळी नायट्राइलची घ्या, आणि दुकानात सहाची म्हणू नका. पाच पॉइंट आठ बाय एक पॉइंट नऊ, नायट्राइल, असं सांगा."

बांधणी

क्रॉस पिनांवर प्लॅनेट जिथे फिरतात तिथे झिजेचे सपाट पट्टे पडले आहेत का ते नखानं पाहिलं. किंचित पडले होते. पिना थोड्या फिरवून बसवल्या, त्यामुळे ताजी बाजू कामाला आली. नव्या घेणं उत्तम, पण त्या आठवड्यात हाताशी नव्हत्या. दात्यांवर टवके नव्हते. सन गिअरमागच्या शिमपैकी (पातळ चकत्यांपैकी) एक ०.२ मिमीची असायला हवी होती, ती ०.१४ भरली. ही शिम गेली की सन गिअर कपाच्या भिंतीला घासतो, ओ-रिंगला मागून आधार राहत नाही, आणि तेल राखाडी होतं. ती बदलली. शिम जास्त घालण्याचा मोह मात्र टाळायचा. सगळे गिअर कोरडे बसवून आउटड्राइव्ह बोटानं फिरवला तर एका लयीत फिरला पाहिजे. कुठे अडखळत असेल तर एक शिम जास्त झाली, कुठे लटपटत असेल तर कमी.

बाहेरच्या शिमिंगचा प्रश्न सेंटर डिफला येत नाही, कारण इथे क्राउन-पिनियन (जोर काटकोनात वळवणारी गिअरची जोडी) नाही. पुढच्या-मागच्या डिफला येतो. तिथे बेअरिंगमागे १३×१६ च्या ०.१ आणि ०.२ च्या शिम घालून क्राउन पिनियनजवळ किंवा लांब सरकवतात. तो वेगळा विषय.

पिनेच्या भोकाची बर बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरनं काढली, फक्त भोकाच्या ओठावरची. दांड्याचा जो भाग रिंगेत फिरतो त्याला पेपर लावायचा नाही, तिथे ओरखडा उमटला तर तोच नवा गळतीचा रस्ता. मग रिंगेला आत-बाहेर ग्रीस चोळलं आणि दांडा हळूहळू पिळत आत नेला. भोक रिंगेपाशी येतं त्या क्षणी दांड्याभोवती पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीची पट्टी गुंडाळून ठेवायची. रिंग पट्टीवरून सरकून जाते, मग पट्टी ओढून काढायची. हे करायला अर्धं मिनिट लागतं आणि बहुतेक जण तेवढंच गाळतात.

तेल भरायला मात्र घाई चालत नाही. ७००० चं तेल ओतताना प्लॅनेट गिअरांच्या खाली हवेचे बुडबुडे अडकतात आणि दाटपणामुळे वर यायला तयार नसतात. अर्धं भरायचं, आउटड्राइव्ह सावकाश फिरवायचा, बुडबुडे वर आले की थांबायचं, मग पुढचं भरायचं. शेवटी कप झाकून तासभर बाजूला. वर आलेली हवा टोचून फोडायची आणि पातळी पाहायची: क्रॉस पिनांचा वरचा कडा नुकता दिसत राहिला पाहिजे. त्याच्या वर भरायचं नाही. मग काट्यावर ठेवून वजन लिहायचं. पुढच्या वेळी डोळ्यांनी पातळी जोखायची गरजच पडत नाही, तेवढ्याच ग्रॅमला थांबलं की झालं. समजा, उद्या ७००० ऐवजी १०,००० घालून पाहायचं आहे. वजन सारखं असेल तरच गाडीतला फरक तेलाच्या आकड्याचा. नाहीतर फरक तेलाचा की भरण्याचा, हे कळणारच नाही.

गॅस्केट कपाच्या खुणांवर नीट बसवलं, स्पर गिअर ठेवला, चारही स्क्रू आधी नुसते टेकवले आणि मग समोरासमोरचे असे दोन फेऱ्यांत आवळले. कप प्लॅस्टिकचा, त्यामुळे थ्रेडलॉक (स्क्रूला लावायचा गोंद) नाही. काही प्लॅस्टिकांना त्यानं तडे जातात, आणि प्लॅस्टिकमध्ये स्क्रूची पकड पुरेशी असतेच. शेवटची चाचणी गच्चीवर. दोन टिश्यू पेपर, डिफ एकदा पुढच्या आउटड्राइव्हवर उभा, एकदा मागच्या, भर दुपारी उन्हात तापलेल्या पत्र्यावर. घरातल्या टेबलावर थंड ठेवून ही चाचणी घेण्यात काही अर्थ नाही, कारण दहा टक्के दाबाची रिंगही तिथे पास होते. टिश्यू कोरडे राहिले.

डिस्क पेट्रोलनं धुतल्या. जुने पॅड तेल प्यायलेले होते, ते टाकून दिले.

पुन्हा ट्रॅकवर

पहिल्याच फेऱ्यांत दादा वैतागले. "अरे, ही तर अंगावर येते!"

अंगावर येणारच होती. मधल्या काळात त्यांनी गाडीत जे जे बदल केले होते ते सगळे गळक्या डिफवर उपाय म्हणून केले होते. क्लचच्या कडक स्प्रिंगांनी क्लच उशिरा आणि झटक्यात पकडत होता. मागे जोर पोहोचत नव्हता तोपर्यंत तो झटका जाणवला नाही, आता मागची चाकं एकदम सुटायला लागली. रिमोटवर ब्रेकचा थ्रो वाढवलेला, तो आता कोरड्या डिस्कवर लागत होता; बोट लागलं की चाकं जॅम. मागचा ब्रेक ढिला, म्हणून पुढची चाकं आधी अडकून गाडी नाकावर बसत होती. पुढची पकड कमी वाटते म्हणून पुढच्या डिफमध्ये त्यांनी मधेच ७००० घातलं होतं. त्यामुळे थ्रॉटल सोडून वळणात शिरताना गाडी बाहेर ओढत होती. आधी त्याचा दोष ते टायरांना देत होते.

एकेक करून दुरुस्त करत बसण्यापेक्षा सगळं मॅन्युअलमधल्या मूळ आकड्यांवर आणलं. क्लचच्या मूळ स्प्रिंगा, थ्रो मूळ जागी, पुढे-मागे ब्रेक समान, पुढचा डिफ ५०००. मग गाडी एकसारखी चालायला लागली. पहिल्या टाकीला जशी तशी शेवटच्या टाकीला. आणि तेव्हाच पहिल्यांदा कळलं की आमच्या मुरुमावर ऊन चढल्यानंतर ७००० चा सेंटर जरा जास्तच आहे. भुकटीवर मागची चाकं थ्रॉटलला लगेच सुटतात. सेंटर ५००० केला, वजन तेवढंच ठेवलं. उचल किंचित कमी झाली, पण हेअरपिनमधून गाडी सरळ बाहेर यायला लागली आणि दादांचा लॅप टाइम शेवटपर्यंत टिकला. गंमत म्हणजे गळका ७००० गरम झाल्यावर याच्याही खूप खाली उतरत असणार. मुरुमाला मऊ सेंटर हवा होता, हे त्यांच्या गाडीनं आधीच सांगून ठेवलं होतं. फक्त तो मऊपणा दर पाच मिनिटांनी बदलत होता, म्हणून तिचं म्हणणं कुणाला ऐकू येत नव्हतं.

काही शर्यतींनंतर सेंटर डिफ पुन्हा काट्यावर ठेवला. लिहून ठेवलेल्या आकड्याशी जुळला. पुढचा डिफ उघडला तेव्हा त्यात पेठेतल्या त्याच दुकानातल्या १.७८ च्या दोन रिंगा सापडल्या. त्या अजून धड होत्या, कारण पुढचा डिफ तेवढा तापत नाही, तरी बदलल्या. मागचा अजून उघडलेला नाही. दादा म्हणतात, त्यातही त्याच असणार, नवीन तेलाची बाटली आली की करू.